दीड कोंबडीची प्लेट

मेन्यू कार्डावर पिझ्झ्याची दोन पानं संपली की गार्लिक ब्रेडच्या खाली एक ओळ असते: चिकन विंग्ज, सहा पीस. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, कुठल्याही गावातलं नवं पिझ्झा-रेस्टॉरंट आणि बार घ्या, खाली फॅमिली सेक्शन, वर परमिट रूम, आणि दोन्हीकडे ही ओळ. गिऱ्हाईक किंमत वाचतं आणि मनात म्हणतं, सहा पंखांना इतके पैसे? खरं तर ते सहा पंख नसतातच.

कोंबडीच्या एका पंखाचे तीन भाग पडतात. खांद्याकडचा जाड, एका हाडाचा, बाळतंगडीसारखा दिसणारा तो ड्रमेट. मधला चपटा, शेजारी शेजारी दोन बारीक हाडं असलेला तो फ्लॅट. शेवटी टोक, त्यात मांस नावाला, बाकी साल आणि कुर्चा. टोक प्लेटमध्ये येत नाही. एका पंखाचे पीस दोन, एका कोंबडीचे चार. सहा पीसच्या प्लेटला दीड कोंबडी लागते. रविवारी संध्याकाळी वीस प्लेटा गेल्या तर तीस कोंबड्यांचे पंख हवेत, आणि त्या तीस कोंबड्यांचं बाकीचं अंग कुणीतरी दुसऱ्यानं विकत घेतलेलं असावं लागतं. विंग्जच्या प्लेटीतली बरीचशी गडबड या हिशेबातून सुरू होते, स्वयंपाकघर त्यानंतर येतं.

गावातल्या चिकन सेंटरवर रविवारी तीसच काय, दोनशे कोंबड्या कापल्या जातात. पण तिथला पंख गिऱ्हाइकाच्या किलोत जातो. रश्शासाठी तुकडे करताना कोयत्याच्या एका घावात पंखाचे दोन तुकडे, आणि सगळं पिशवीत. शिवाय त्याआधी एक गोष्ट होऊन गेलेली असते. कापलेली कोंबडी ड्रममध्ये शांत झाली की दुकानदार मानेपासून सदरा काढावा तशी पिसांसकट साल ओढून काढतो. अर्ध्या मिनिटाचं काम. गरम पाणी नको, पिसं उपटणं नको. पंखाच्या टोकाशी साल घट्ट चिकटलेली असते, म्हणून टोक तिच्याबरोबरच जातं. रश्श्याला हे चालतं. साल नसली की तवंग मसाल्याच्या तेलाचाच राहतो, कोंबडीच्या चरबीचा वास मध्ये येत नाही. विंग्जला मात्र हे मुळावरच येतं.

कारण विंग्ज हा सालीचा पदार्थ आहे. पंखात मांस किती? हाडं बाजूला काढली तर निम्म्याच्या आसपास खाण्याजोगं उरतं आणि त्यातही मोठा वाटा सालीचा. कोंबडीच्या कुठल्याही भागात मांसाच्या मानानं इतकी साल नसते. तीच कुरकुरीत होते, सॉस तीच धरते, दातांना आवाज तीच देते. साल काढलेला पंख तळला की जे मिळतं ते हाडावरचं कोरडं, दोऱ्यासारखं मांस. ते झाकायला मग मैदा येतो, कॉर्नफ्लोअर येतं, लाल रंग येतो.

आणि असा पंख खान्देशाला नवा नाही. प्रत्येक परमिट रूमच्या कार्डावर तो वर्षानुवर्षं आहे, फक्त लॉलीपॉप या नावानं. ड्रमेटचं मांस हाडावरून खरवडून एका टोकाला गोळा करायचं, फ्लॅटमधलं एक हाड काढून दुसऱ्यावर मांस उलटं चढवायचं, पिठात बुडवून तळायचं आणि हाडाला चांदीचा कागद गुंडाळायचा. हातोटीचं काम आहे, वाईट पदार्थ नाही. पण त्यात चव पिठाची आणि शेजवान चटणीची. ज्या आचाऱ्याचा हात पंधरा वर्षं लॉलीपॉपवर बसलाय तो विंग्जची ऑर्डर आली की सवयीनं तेच पीठ भिजवतो. म्हणून आपल्याकडच्या निम्म्या ठिकाणी विंग्ज मागवले की न उलटलेला लॉलीपॉप येतो.

मुळात या पदार्थाला पीठ नव्हतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे. बफेलो विंग्ज म्हणजे म्हशीचे पंख का, हा प्रश्न आपल्याकडे टेबलागणिक एकदा तरी निघतो, तर ते नाव या शहराचं. तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली तेरेसा बेलिसिमो यांनी पंख पीठ न लावता तळले, लाल मिरचीच्या आंबट सॉसात आणि लोण्यात घोळले आणि सेलरीच्या काड्या व ब्लू चीजच्या डिपबरोबर पुढे ठेवले. तोवर पंख म्हणजे बहुतेकांसाठी सूपाच्या पातेल्यात टाकायची वस्तू. त्याच शहरात जॉन यंग हेही त्या दशकात अख्खे पंख पिठात घोळून, तळून, मांबो नावाच्या सॉसात विकत होते, त्यामुळे पहिला मान कुणाचा हा वाद तिथे आहेच. पण जगभर गेलं ते बिनपिठाचं रूप. बफेलोत पिझ्झ्याच्या दुकानात विंग्ज मिळतातच, पिझ्झा आणि विंग्ज ही तिथली जोडी. आपल्या पिझ्झा-बारच्या कार्डावर ती ओळ आली ती या जोडीनं.

तेव्हा पहिला प्रश्न, सालीसकट पंख आणायचा कुठून? साल ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात. पाणी साठ अंशांच्या आसपास, बुडवणं मिनिटभर. उकळत्या पाण्यात टाकली तर साल तिथेच अर्धी शिजते आणि पिसं ओढताना फाटते. पंखाच्या सांध्याशी तर हमखास. कमी तापलेल्या पाण्यात पिसांची मुळं सुटत नाहीत आणि तळल्यावर सालीवर काळे ठिपके दिसतात. खेड्यात गावरान कोंबडीची पिसं काढून, हळद चोळून ती जाळावर फिरवतात, बारीक लव जळून जाते आणि सालीला धुराचा वास लागतो. ती पद्धत विंग्जला उत्तम, पण गावरान पंख म्हणजे व्यायाम केलेला स्नायू. तळून तो शिजत नाही, आधी तासभर मंद शिजवावा लागतो. पिझ्झा-बारला ते परवडत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी माल येतो तो गोठवलेला, पाकिटातून.

गोठवलेल्या मालाला नाकं मुरडायचं कारण नाही. गोठवलेला कच्चा, सालीसकटचा पंख नीट सांभाळला तर चांगलाच लागतो. तो वजा अठरा अंशांवर हवा आणि वितळवायचा तर आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या खणात, चोवीस तास. आपल्याकडे बिघडतं ते इथे. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. अशा वेळी ऑर्डर आली म्हणून पाकीट ओट्यावर ठेवलं की वरचे पंख अर्ध्या तासात कोमट, मधले दगड. कोमट पंखावर जंतू वाढतात आणि दगड पंख तेलात टाकला की आत कच्चा राहतो. त्यात वीज गेली, फ्रीझर तीन-चार तास बंद राहिला आणि माल अर्धा वितळून पुन्हा गोठला, तर मांसातलं पाणी सुटतं. असे पंख पाकिटात एकमेकांना चिकटलेले असतात आणि तळाशी गुलाबी बर्फाची चकती असते. त्यांचं पुढे काहीही करा, भुसभुशीतच लागतात.

दुसरा प्रकार अर्धा शिजवून, मसाला लावून आलेल्या पाकिटाचा. तो ओळखू येतो. सगळे पीस एका मापाचे, रंग सगळ्यांचा एकसारखा केशरी, मांस दाबलं तर स्पंजासारखं उसळतं. त्यात आचाऱ्याचं काम फक्त गरम करण्याचं. भूक भागते, पण त्यासाठी पिझ्झा-बारपर्यंत जायची गरज नाही.

आता साल कुरकुरीत कशी होते ते पाहू, कारण सगळा खेळ तिथेच आहे. कोंबडीच्या सालीत निम्म्याहून जास्त पाणी, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चरबी, उरलेलं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन. कुरकुरीतपणा येतो तो पाणी उडून आणि चरबी वितळून गेल्यावर उरलेल्या पातळ पापुद्र्याला. घरात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. बिबडं नीट वाळलं नसेल तर तेलात फुलत नाही, चामट होतं, आणि मग कितीही वेळ तळा, करपतं पण कुरकुरत नाही. पंखाच्या सालीचा न्याय तोच. पंख धुऊन तसाच ओला तेलात टाकणाऱ्याला पुढचं काहीच साधत नाही.

एक किलो पंख घ्या. टोकं काढून साधारण बावीस ते सव्वीस पीस होतात. सांधा कापताना हाडावर कोयता मारायचा नाही. पंख उलटा वाकवायचा, सांधा कट्टदिशी सुटतो, बोटाला खाच लागते, तिथे सुरी घालायची. ती कुर्च्यातून लोण्यासारखी जाते. हाड फुटलं तर किरच तोंडात येते आणि हाडातला मगज तेलात उतरून तेल काळं पडतं. पीस फडक्यानं खरंच कोरडे पुसायचे. मग दहा ग्रॅम मीठ आणि बारा ग्रॅम बेकिंग पावडर एकत्र करून चोळायची आणि जाळीवर एकेक पीस सुटा ठेवून, झाकण न घालता, फ्रिजमध्ये आठ तास ते रात्रभर. फ्रिजची कोरडी हवा साल वाळवते. मीठ आत शिरतं. बेकिंग पावडरनं साल किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे ती लवकर तांबूस होते आणि तिच्यावर बारीक फोड येऊन पृष्ठभाग वाढतो. सकाळी साल कागदासारखी हाताला लागते, आतली हाडं तिच्यातून दिसतात. तशी दिसली नाहीत तर अजून चार तास.

बेकिंग पावडरऐवजी खाण्याचा सोडा घालणं ही आपल्याकडची सर्वांत ठरलेली चूक. दोन्ही डबे शेजारी असतात, दोन्ही पांढरे. सोडा तिप्पट-चौपट तीव्र. तेवढ्याच मापानं घातला तर पंख साबणासारखे कडवट लागतात आणि डागाडागानं काळे होतात. ही चव आली तर सॉस बदलून काही होत नाही, प्लेट परत करावी.

तळणी दोनदा. पहिली दीडशे अंशांवर, दहा ते बारा मिनिटं. हिचं काम रंग आणण्याचं नाही. सालीखालची चरबी हळूहळू वितळायला हवी, सांध्याभोवतीचं कोलॅजेन मऊ पडायला हवं. पीस बाहेर येतात तेव्हा फिकट, खरं सांगायचं तर कुरूप दिसतात. जाळीवर अर्धा तास तरी निवू द्यायचे, वाफ निघून जाते. दुसरी तळणी एकशे नव्वद अंशांवर, तीन-चार मिनिटं. इथे कान वापरायचा. टाकल्या टाकल्या मोठे बुडबुडे आणि जाडा आवाज, मग आवाज बारीक होत जातो, बुडबुडे लहान आणि विरळ होतात. पाणी संपल्याची ती खूण. तिथे काढायचं. एकाच कडक तेलात एकदम तळणारा आचारी रंग पाच मिनिटांत आणतो, पण सालीखाली चरबीचा थर तसाच राहतो. पहिल्या घासाला कुरकुर, दुसऱ्याला रबर.

कढईत एका वेळी किती टाकायचे, यावरही बरंच अवलंबून. दोन लिटर तेलात अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. गार पंखांनी तेल तीस-चाळीस अंश खाली येतं. कढई गच्च भरली तर ते शंभराच्या जवळ जातं आणि पंख तळत नाहीत, तेलात उकडतात. रविवारी रात्री नऊच्या गर्दीत आलेली तेलकट प्लेट बहुधा अशा भरलेल्या कढईतली असते.

तेलाचंही बोलायला हवं. ज्या कढईत दुपारपासून फ्रेंच फ्राइज, पनीर, मासे आणि लॉलीपॉप तळले त्याच तेलात विंग्ज येतात. पिठाचे कण तळाशी जळतात, तेल काळं आणि दाट होतं, वर फेस धरतं, लवकर धूर सोडतं. तळणीच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारी ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. टेबलावरून ते मोजता येत नाही, पण ओठ सांगतात. चांगल्या तेलातला पंख खाल्ल्यावर ओठ पुसले की संपलं. शिळ्या तेलाचा चिकट थर दोनदा पुसूनही जात नाही आणि टाळूला माशाचा पुसट वास राहतो. आणि ज्या घरात शाकाहारी-मांसाहारी एकाच टेबलावर बसतात, ज्या खान्देशात पुष्कळ आहेत, त्यांनी फ्राइज मागवण्याआधी कढई वेगळी आहे का हे विचारून घ्यावं. विचारल्यावर जो वेटर आत जाऊन येतो त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही, जागेवरूनच ‘हो हो’ म्हणणाऱ्यावर नाही.

पिझ्झ्याच्या भट्टीतले विंग्ज हा वेगळा मार्ग आणि जमला तर जास्त चांगला. अडचण तापमानाची. पिझ्झ्याला भट्टी तीनशेच्या आसपास हवी, कच्च्या पंखाला सव्वादोनशे पुरे आणि वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. ऐन गर्दीत एका प्लेटीसाठी भट्टी कुणी उतरवत नाही. कच्चा पंख तीनशेवर सरळ सारला तर वरून कोळसा, सांध्याशी लाल. म्हणून जाणते लोक दुपारी तीन ते पाचच्या रिकाम्या वेळात पंख जाळीवर ठेवून, खाली ट्रे घालून, सव्वादोनशेवर शिजवून ठेवतात, पंचविसाव्या मिनिटाला उलटतात, निववून फ्रिजमध्ये टाकतात, आणि ऑर्डर आली की पाच-सहा मिनिटं कडक भट्टीत. ट्रे हवाच, नाहीतर चरबी भट्टीच्या दगडावर गळते आणि पुढचे चार पिझ्झे धुरकट निघतात. जाळीही हवी, नाहीतर पंख स्वतःच्याच चरबीत बसून खालून मऊ पडतात. सॉस शेवटी, भट्टीबाहेर. आधी लावला तर त्यातली साखर तीन मिनिटांत जळते.

हाडाजवळ लाल दिसलं म्हणून प्लेट परत करणारे खूप. ते नेहमीच कच्चं नसतं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो. त्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात, मगजातला रंग सच्छिद्र हाडातून बाहेर झिरपतो आणि शिजल्यावर जांभळट-काळा दिसतो. गोठवलेल्या मालात जास्त. कच्चं ओळखायचं ते रंगावरून नाही. मांस हाडावरून ओढलं की सुटतं का, आणि निघणारा रस स्वच्छ आहे का, एवढं पाहायचं. चौऱ्याहत्तर अंशांवर मांस खायला निर्धोक होतं, पण पंख पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत न्यावा. छातीचा तुकडा त्या तापमानाला भुसा होतो, पंख मात्र तिथेच मऊ होतो, कारण त्यात कोलॅजेन आहे.

निर्धोक म्हटलं की खान्देशात नवापूर आठवतंच. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडली, पुन्हा २०२१ मध्ये तिथल्याच पोल्ट्रीफार्मांत आली. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि चिकनची दुकानं ओस पडली. नीट शिजलेल्या कोंबडीत तो विषाणू टिकत नाही, हे तेव्हाही सांगितलं गेलं होतं. भीती खाणाऱ्यांपेक्षा कच्चा माल हाताळणाऱ्यांनी बाळगायची. कच्चे पंख ठेवलेल्याच ताटात तळलेले पंख काढणारं स्वयंपाकघर दिसलं तर मात्र उठावं.

आता सॉस. वेटर विचारतो, “तिखट करू का भाऊ?” उत्तर ठरलेलं: “चालीन, कर तिखट.” आणि मग आलेली प्लेट खाऊन गिऱ्हाईक म्हणतं, हे तर आंबट आहे, तिखट कुठंय? दोघांचंही खरं. खान्देशी जिभेला माहीत असलेलं तिखट तेलातून येतं. शेवभाजीची तर्री, काळ्या मसाल्याचा रस्सा, यात मिरचीचा जाळ तेलात विरघळलेला असतो. तो सावकाश चढतो, घशात बसतो, कपाळाला घाम आणतो. बफेलो सॉसचं तिखट व्हिनेगरवर स्वार होऊन येतं, जिभेच्या शेंड्याला चटका देतं आणि उतरतं. आंबट त्याच्या पुढे चालतं. तो सॉस अगदी साधा असतो: किलोभर पंखांना १२० मिलिलिटर मिरची-व्हिनेगरचा पातळ सॉस आणि ८० ग्रॅम लोणी. सॉस गरम करून आचेवरून उतरवायचा आणि गार लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत घालायचे. उकळला की फाटतो, लोणी वर तरंगतं आणि पंखावर सॉस बसत नाही. आपलं टेबलाचं लोणी खारट असतं, वर मीठ नको.

बफेलोत वापरतात तो लाल मिरचीचा सॉस इथे सगळीकडे मिळत नाही. मग आचारी चायनीजच्या गाड्यावरचा लाल सॉस घेतो. त्यात साखर आणि स्टार्च, पंख पाकात बुडवल्यासारखे होतात. त्यापेक्षा घरी करणं सोपं. पंधरा ब्याडगी रंगासाठी, पाच-सहा नंदुरबारच्या तिखट मिरच्या जाळासाठी, गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. निथळून आठ लसणाच्या पाकळ्या, दीड चमचा मीठ आणि दीडशे मिलिलिटर व्हिनेगर घालून अगदी गंध वाटायचा, दहा मिनिटं मंद उकळायचा, दोनदा गाळायचा. बियांचा कण राहिला तर पंखावर दिसतो.

पण खान्देशातल्या भट्टीनं स्वतःचाही एक पंख करायला हरकत नाही. केला जातोही, फक्त बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकानं. काळा मसाला आधी चोळून तळतात. त्या मसाल्यातलं खोबरं, खसखस, धणे आधीच काळसर भाजलेले असतात. एकशे नव्वद अंशांच्या तेलात ते जळून कडू होतात आणि तेलाचाही नाश. मसाला मागून यायला हवा. किलोभर तळलेल्या पंखांसाठी चार चमचे शेंगदाण्याचं तेल कोमटाहून जरा जास्त तापवायचं, त्यात ठेचलेल्या दहा पाकळ्या लसूण, तो सोनेरी झाला की आच बंद, मग दोन लहान चमचे लाल तिखट आणि एक लहान चमचा काळा मसाला. आच बंद करायची ती याचसाठी, की तिखट तेलात रंग सोडेल पण जळणार नाही.

आणि आंबट? ते लागतंच, सालीच्या चरबीला कापायला दुसरं काही नाही. लिंबू पिळलं की साल ओली होते आणि दोन मिनिटांत बसते. इथे सातपुडा कामाला येतो. धडगाव-अक्कलकुवा भागात आदिवासी कुटुंबं कैऱ्या कापून, उन्हात वाळवून आमचूर करतात. आमचुरात आंबट आहे आणि पाणी नाही. दीड लहान चमचा आमचूर मसाल्याच्या तेलात न घालता, पंख घोळून झाल्यावर वरून भुरभुरवायचा. साल दहा मिनिटं तरी कुरकुरीत राहते. व्हिनेगरच्या सॉसात एवढा वेळ टिकत नाही.

घोळण्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. मोठं, उभट काठाचं स्टीलचं पातेलं. त्यात आधी सॉस, मग पंख, आणि चमचा अजिबात नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायचं आणि मनगटानं मागे ओढायचं, पंख कमानीत उडून परत पडतात. आठ-दहा झटके. सॉस पातेल्याच्या बुडाशी साचून राहिला तर तो जास्त झाला. पातेलं पुसल्यासारखं निघालं तर बेताचा. चमच्यानं ढवळलं की सालीला चिरा पडतात, सॉस आत शिरतो आणि वाफ बाहेर येते. तिथून पुढे प्लेट टेबलावर यायला पाच मिनिटांच्या वर लागू नयेत. ती पिझ्झ्याची वाट पाहत खिडकीत थांबली की वरचे पंख बरे, खालचे भिजलेले. म्हणून विंग्ज आणि पिझ्झा एकदम मागवू नयेत. आधी विंग्ज, ते अर्धे संपले की पिझ्झ्याची ऑर्डर.

सोबतच्या डिपचं तसंच. ब्लू चीज इथे मिळणं अवघड, मिळालं तरी त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही. वाटीत येतं ते बहुधा गोडसर मेयोनीज, त्यानं काही साधत नाही. दोनशे ग्रॅम चक्का, एक किसलेली लसणाची पाकळी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन चमचे दूध घालून सैल केला की काम झालं. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला धरून नेतं. बिअरनं तिखट उतरतं हा समज टेबलावर पक्का आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, ती जाळ तोंडभर पसरवते आणि बुडबुडे त्यावर टोचतात. बिअरचा कडवटपणा चरबी कापतो, ते वेगळं. सेलरीच्या जागी हिवाळ्यात कोवळा मुळा, उन्हाळ्यात काकडी. पण फ्रिजमधून आलेली, टेबलावर कापून ठेवलेली नको.

वार पाहून जावं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं आपल्याकडे भरपूर, त्या दिवशी मांसाहाराची विक्री पडते आणि काल शिजवलेले पंख आज भट्टीत जातात. बुधवार, शुक्रवार, रविवार बरे. गटारीच्या आठवड्यात मात्र नको. माल ताजा असतो, पण कढया भरलेल्या असतात. श्रावणात तर त्या ओळीकडे पाहूच नये.

खाण्याबद्दल एवढंच, की ड्रमेट कुणालाही खाता येतो, फ्लॅट शिकावा लागतो. फ्लॅट उभा धरायचा. एका टोकाला दोन हाडांचे शेंडे दिसतात, एक जाड, एक काडीसारखं. आधी बारीक हाड चिमटीत धरून थोडं पिरगाळायचं, कुर्चा सुटतो आणि ते सरळ बाहेर येतं. मग जाड हाड तसंच. हातात उरतो तो बिनहाडाचा, दोन्ही बाजूंनी साल असलेला एक घास. हाडं अशी स्वच्छ निघाली तर पंख नीट शिजला आहे. मांस हाडाला धरून राहिलं आणि ओढताना साल फाटली तर पहिल्या तळणीला वेळ दिलेला नाही. सहा पीसमध्ये फ्लॅट किती द्यायचे हे आचाऱ्याच्या हातात असतं, तीन मागून घ्यावेत.

टोकं उरतात ती वेगळीच. किलोमागे शे-दीडशे ग्रॅम. बहुतेक ठिकाणी ती कचऱ्यात जातात. ज्या ठिकाणी आतला माणूस घरी रस्सा करणारा आहे तिथे ती भट्टीत तांबूस भाजून, कांदा-आल्यासोबत मोठ्या पातेल्यात दोन तास मंद उकळतात. गार झालं की हे पाणी फ्रिजमध्ये वडीसारखं घट्ट बसतं. दुसऱ्या दिवशी त्यातच काळ्या मसाल्याची फोडणी पडते आणि दुपारी स्टाफ कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर तो रस्सा जेवतो. कार्डावर तो नसतो. तीनच्या सुमाराला गेलात आणि भट्टीवाल्याशी ओळख असेल तर वाटीभर मिळतो.